पालखी दारावरून जायची तेव्हा

आमचं घर दिघीत, आळंदी रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते त्या सकाळी आमच्या चौकातून जाते. उजाडायच्या आधीपासून पुढच्या दिंड्या सुरू होतात. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे रस्त्याच्या कडेनं उभे राहतात आणि टाळांचा आवाज भिंतीतून घरात येतो. त्या सकाळी आमच्या गल्लीतलं एकही माणूस घरात थांबत नाही.

२०१५ ते २०१८ अशी चार वर्षं मी थांबलो. बायको पोरीला घेऊन चौकात गेली की मी खिडक्या लावायचो, पंखा पाचावर करायचो आणि मोरीत बादली उपडी घालून तिच्यावर बसायचो. मोरी घराच्या मागच्या अंगाला आहे, तिथं आवाज सगळ्यात कमी येतो. नळ सोडला की आणखी कमी. पालखी पुढं गेल्याचं मला पोरांच्या पिपाण्यांवरून कळायचं, कारण टाळ थांबल्याशिवाय त्या ऐकू येत नाहीत. तोवर हातातली क्वार्टर संपलेली असायची.

मला पालखीची भीती वाटायची. हे वाक्य मी दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा बोललो तेव्हा ४३ वर्षांचा होतो.

भीतीचं कारण कपाटात होतं. स्वेटरांच्या खाली, औषधाच्या एका रिकाम्या डबीत, तुळशीच्या दोन माळा. दोन्ही माझ्याच गळ्यातून उतरलेल्या.

आमच्याकडं माळ घालायची म्हणजे काय ते वारकरी घरातल्या माणसाला सांगायला नको. मांस-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. गावाकडं एखादा फार प्यायला लागला की चार जाणती माणसं म्हणतात, ह्याला माळ घाला. आणि कितीतरी जणांची त्यानं सुटलीही आहे. आमच्या भावकीतले दोघं तसे सुटलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यातले एक पुढं वीस वर्षं विणा घेऊन चालले. म्हणून माळेला बोल लावायला मी हे लिहीत नाही. माझ्याकडून काय झालं तेवढं सांगतो.

मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे, म्हणजे लेथ मशिनवर धातूचे भाग कातणारा. आधी साध्या लेथवर होतो, नंतर संगणकावर चालणाऱ्या सीएनसीवर आलो. पिणं सुरू झालं शनिवारच्या संध्याकाळी, मग पगाराच्या दिवशी, मग कुठल्याही दिवशी. २०१३ पर्यंत पहिल्या पाळीला जाताना सकाळी नव्वद लागायची, नाहीतर व्हर्नियरवरचं माप दिसायचं पण हात स्थिर राहायचा नाही. त्या वर्षी कार्तिकीला तात्या मला आळंदीला घेऊन गेले. इंद्रायणीत अंघोळ झाली. महाराजांनी पोथीवर ठेवलेली माळ उचलून गळ्यात घातली आणि तात्या रडले. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ती माळ महिनाभर टिकली. एकतीस डिसेंबरच्या रात्री बारच्या बाहेर मी ती गळ्यातून काढली, रुमालात गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. माळ गळ्यात ठेवून प्यायची नाही, एवढी लाज मला होती. आत जाऊन प्यायलो. घरी आल्यावर ती परत घालायला हात धजेना.

तिथून पुढं जे सुरू झालं ते दारूहूनही वाईट होतं. मी शिक्षेची वाट बघायला लागलो. पोरीला ताप आला, हे माळेचं. मशिनवर कातलेला भाग रिजेक्ट झाला, हे माळेचं. गाडी घसरून गुडघा फुटला, माळेचं. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि वाटायचं, आज काहीतरी येणार. मग ती धडधड थांबवायला प्यायचो. प्यायलो की पाप आणखी वाढलं म्हणून पुन्हा भीती. देवळावरून जाताना मान खाली घालायची सवय लागली. २०१५ च्या जानेवारीत तात्या गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसात मी दवाखान्यात बसायचो तो बाहेरच्या टपरीपाशी.

त्या वर्षीच्या चैत्री वारीला मेव्हण्यानं मला पंढरपूरला नेलं. नामदेव पायरीपाशी बायकोच्या आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दुसरी माळ. या वेळी मी मनापासून ठरवलं होतं, आणि तेव्हा रोज जवळजवळ बाटलीभर पीत असताना एका दिवसात सगळी बंद केली.

पहिल्या रात्री घाम आणि थरथर. दुसऱ्या रात्री झोप नाही, अन्न नाही, अंगावरची चादर ओली चिंब. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. ती रांग छतावर गेली, छतावरून माझ्या पांघरुणावर आली. मग भिंतीच्या आतून टाळ ऐकू यायला लागले. आणि कॉटच्या पायथ्याशी तात्या येऊन उभे राहिले, हात पुढं करून. पहिली माळ परत मागत होते.

मी ओरडत रस्त्यावर पळालो. शेजाऱ्यांनी धरून आणलं. सगळ्यांनी एकच निदान केलं, बाधा. सकाळी मला गाडीत घालून एका देवऋषाकडं नेलं. लिंबू झालं, अंगारा झाला, भाताचा उतारा झाला. तो म्हणाला, देवाचं घेतलंय आणि टाकलंय, त्याचा हा कोप आहे. परतीच्या वाटेवर कंपनीतल्या एका दोस्ताला माझी दया आली. त्यानं अर्धा ग्लास देशी पाजली. अर्ध्या तासात मुंग्या गेल्या, टाळ थांबले, मी झोपलो.

त्या झोपेतून उठल्यावर माझ्या डोक्यात जे पक्कं बसलं ते पुढची चार वर्षं निघालं नाही. देव मला झोपू देत नाही. दारू झोपू देते.

८ जानेवारी २०१९. दुसरी पाळी. मी मशिनमध्ये टूलच्या मापाचा आकडा, म्हणजे ऑफसेट, चुकीचा टाकला आणि टूल सरळ भाग धरणाऱ्या चकवर गेलं. कुणाला लागलं नाही, पण त्या आवाजानं अख्खं शॉप थांबलं. सुपरवायझरनी मला ओरडण्याऐवजी कँटीनमध्ये नेऊन बसवलं आणि आपल्या साडूची गोष्ट सांगितली. तो सहा वर्षं प्यायला नव्हता. रात्री घरी आलो तेव्हा त्यांचा फोन बायकोला येऊन गेलेला होता. ती म्हणाली, “मी तुम्हाला काही बोलणार नाही. उद्या फक्त डॉक्टरांकडं चला. शपथ घ्यायची नाही.”

हे शेवटचं वाक्य तिला कसं सुचलं, मी तिला अनेकदा विचारलंय. ती म्हणते, तुमच्या शपथांची मलाच भीती बसली होती.

डॉक्टरांनी देवाचं नाव काढलं नाही. दोनच प्रश्न विचारले. रोज किती आणि शेवटचा घोट कधी? मग मी मुंग्यांचं सांगितलं, टाळांचं सांगितलं, तात्यांचंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जशी मी एखाद्या मशिनचा ओळखीचा आवाज ऐकून डोलावतो. म्हणाले, दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज दाब असला की मेंदू उलटा जोर लावून स्वतःला सांभाळायला शिकतो. दाब एकदम काढला की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस भ्रमात जातो. वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं.

मी टर्नर माणूस, मला स्प्रिंग कळते. दाबलेली स्प्रिंग एकदम सोडली तर तोंडावर येते.

मी विचारलं, “मग तात्या?”

“ते तुमच्या मनात होते म्हणून दिसले,” डॉक्टर म्हणाले. “कोप वगैरे नव्हता. आजार होता. आणि अर्ध्या ग्लासानं थांबला, यावरूनच काय ते समजा.”

चार वर्षं मी ज्याला देवाचा कोप समजत होतो ते शरीराचं हिशेबानं चालणारं काम होतं. त्या खुर्चीत बसून मी खूप रडलो. डॉक्टरांनी भरती करून घेतलं, हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्व बी-वनची इंजेक्शनं दिली. या वेळीही तिसरी रात्र आली. घाम आला, हात कापले. मुंग्या आल्या नाहीत.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी रोज पिणारा माणूस असेल तर हात जोडून सांगतो, त्याला शपथ घालून एका दिवसात घरच्या घरी बंद करायला लावू नका. आधी डॉक्टर. माळ नंतर घाला, देव कुठं जात नाही. आणि त्याला न सांगता जेवणात सोडवायचं औषधही कालवू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू पोटात गेली तर जिवाला धोका असतो. पुण्यात हे उपचार नवे नाहीत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते १९८६ साली. दिघीहून येरवडा काही लांब नाही. तरी हा आजार आहे, असं २०१९ उजाडेपर्यंत माझ्या कानावर कुणी घातलं नव्हतं, आणि घातलं असतं तर मी ऐकलं असतं का, सांगता येत नाही.

दारू सुटली म्हणजे भीती सुटली असं झालं नाही. उलट झालं. दारूखाली झाकलेली सगळी भीती वर आली. अनोळखी नंबरचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, पतसंस्थेचा असेल म्हणून. लग्नाची पत्रिका आली की वरातीची भीती. दहा तारखेला पगार झाला की कंपनीपासून घरापर्यंतच्या सात किलोमीटरची भीती. बायको गप्प बसली की भीती, बोलली की भीती. कुणी “आता बरा दिसतोस” म्हणालं तरी वाटायचं, ह्याला आता फसवणार आपण.

सुपरवायझरांच्या साडूंनी मला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला नेलं. एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, भिंतीवर बाराखडी. चौदा माणसं. प्रत्येकजण नाव सांगून “मी मद्यपी” म्हणाला आणि बाकीच्यांनी त्याला नमस्कार केला. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितलं. “मद्यपी” म्हणायला मला अकरा मीटिंगा लागल्या.

तिथं मला गुरुजी भेटले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, एकवीस वर्षं न प्यायलेले. आमच्यात त्याला स्पॉन्सर म्हणतात, म्हणजे आधी वाट चाललेला माणूस. दारूपासून लांब राहायला ह्या गटात बारा पायऱ्या असतात. ते मला त्यातल्या तिसरीपाशी घेऊन आले. आपलं आयुष्य आपल्याला जसा उमगेल तशा देवाच्या हाती सोपवायचं, असा तिचा अर्थ. मी सरळ सांगितलं, “गुरुजी, हे माझ्याच्यानं होणार नाही. मला देवाची भीती वाटते.” आणि मग माळा, मुंग्या, मोरी, सगळं सांगितलं. पालखीच्या भीतीचं ते वाक्य तेव्हा तोंडातून निघालं.

ते हसले नाहीत. बराच वेळ खडूचा तुकडा बोटात फिरवत बसले. मग म्हणाले, “तुमच्यात देवाला हाक कशी मारतात रे?”

“माउली.”

“म्हणजे काय?”

मी गप्प. म्हणजे आई. तात्या माउली म्हणायचे, आजोबा म्हणायचे, रस्त्यात अनोळखी वारकरी भेटला तरी त्याला माउली म्हणायचे, मी पाळण्यात असल्यापासून तो शब्द ऐकत होतो. आणि ज्याला आई म्हणून हाक मारायची त्याला मी इतकी वर्षं फौजदार समजून मोरीत लपत होतो. पोरगं पडलं, लागलं, पुन्हा पडलं, तर आई त्याच्या शिक्षेची वही ठेवत बसते का? माझी आई नव्हती ठेवत. मी तिच्या पिशवीतले पैसे चोरले तेव्हाही ती ताट वाढून बसली होती.

गुरुजी म्हणाले, “तुला देव जड जात असेल तर सध्या बाजूला ठेव. ह्या खोलीतली चौदा माणसं मिळून तुझ्यापेक्षा मोठी आहेत, एवढं तरी पटतं?” ते पटलं. “मग त्यांच्यावर टाक. बाकीचं येईल तेव्हा येईल.”

अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावात हे सगळं कसं सुरू झालं तेही त्यांनीच सांगितलं. १९३५ चा मे महिना. बिल नावाचा एक शेअर दलाल, पाचेक महिने न प्यायलेला, धंद्याचं काम फसलं म्हणून हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. दुसऱ्या बाजूला फोन. तो घाबरला. आणि घाबरून त्यानं फोन उचलला, चर्चमध्ये फोन लावत गेला, दुसरा एखादा दारुडा भेटवा म्हणून. त्यातून त्याची डॉक्टर बॉब नावाच्या दुसऱ्या पिणाऱ्याशी गाठ पडली. दोघं कित्येक तास बोलत बसले. डॉक्टर बॉबनी शेवटची दारू घेतली तो १० जून हा दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा स्थापनादिन मानतात. मला यात एकच गोष्ट भिडली. तो माणूस शूर झाला नव्हता. घाबरलेलाच होता. फक्त भीती घेऊन कुठं जायचं ते त्यानं बदललं.

चौथ्या पायरीला गुरुजींनी भीतीची यादी करायला लावली. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली. एकतीस ओळी झाल्या. मग प्रत्येकीसमोर लिहायचं, ही कुठून आली. सगळ्यात खालची ओळ होती अक्का. तिच्यासमोर मी काही लिहू शकलो नाही.

अक्का माझी थोरली बहीण. सासवडला असते. २०१४ साली पोरीचं ऑपरेशन आहे असं खोटं सांगून मी तिच्या पाटल्या आणल्या, साडेतीन तोळ्यांच्या. गहाण टाकल्या, हप्ते भरले नाहीत, लिलावात गेल्या. त्यानंतर मी तिच्या दारात गेलो नाही. भाऊबीज नाही, तिच्या मुलाची मुंज नाही, काही नाही. तात्यांच्या दहाव्याला ती समोर होती आणि मी नदीच्या खालच्या अंगाला जाऊन उभा राहिलो होतो.

२०१९ च्या पालखीला मी मोरीत नव्हतो. चौकात गेलो, पण एका रिक्षाच्या मागं उभा राहिलो. रथ आला तेव्हा हात जोडले गेले, मान वर झाली नाही. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, मोरीतून रिक्षापर्यंत आलास, पुढच्या वर्षी रिक्षाच्या पुढं ये.

पुढच्या वर्षी पालखीच आली नाही. २०२० साल. टाळेबंदीत मीटिंगा बंद, शाळेला कुलूप. पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. त्या सकाळी मी पाच वाजता चौकात गेलो होतो. रस्ता रिकामा. एक कुत्रं झोपलेलं. ज्या आवाजाला भिऊन चार वर्षं नळ सोडून बसलो होतो, तो कानावर यावा म्हणून मी अर्धा तास तिथं उभा राहिलो. घरी येऊन बायकोला काही सांगता आलं नाही. तिनं चहा ठेवला.

त्या दिवसांत मी प्रार्थना करायला शिकलो असं म्हणेन. आधीची माझी प्रार्थना म्हणजे सौदा असायचा, एवढं कर, मी तेवढं सोडतो. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडली आणि आमच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात भलीमोठी रांग लागली. मी भाजी आणायला गेलो होतो. पिशवी हातात, रांग समोर, खिशात पाचशेची नोट. पाय थांबले. मला वचन आठवलं नाही, माळ आठवली नाही, पोरीचं तोंडही आठवलं नाही. मी नुसतं म्हणालो, माउली, मला भीती वाटते. एवढंच. आणि गुरुजींना फोन लावला. ते फोनवर बोलत राहिले, त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीत कारल्याचा वेल कसा चढलाय ते सांगत राहिले, आणि मी चालत घरी आलो. भाजी राहिली.

पहाटे पहिल्या पाळीच्या आधी दहा मिनिटं बसायची सवय तेव्हाची. देव्हाऱ्यासमोर नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. आज काय काय भीती आहे ते मोजायचं, ते माउलीच्या पुढ्यात ठेवायचं, आणि फक्त आजचा दिवस न पिता काढायला बळ मागायचं. उद्याचं मागायचं नाही. काही दिवस मन लागतं, काही दिवस नुसता बसून उठतो.

२०२२ ला दोन वर्षांनी वारी पायी निघाली. २४ जून, एकादशी, पालखी पुण्याहून सासवडला. तीसेक किलोमीटरचा टप्पा, लांब आणि चढाचा. मी एक दिवसाची रजा टाकली. पूर्ण वारी माझ्याकडून झेपली नसती आणि रजाही नव्हती. शिवाय मला जायचं होतं ते अक्काकडं. नववी पायरी हीच, ज्यांचं वाईट केलं त्यांच्याकडं जाऊन ते निस्तरायचं. बसनं गेलो असतो तर दोनदा मधेच उतरलो असतो, हे मला पक्कं माहीत होतं. दिंडीत शिरलं की मागचे लोक पुढं ढकलत राहतात.

हडपसरला तुकोबांची पालखी वेगळ्या वाटेला लागते. तिथवर मी ठीक होतो. वडकी मागं टाकून दिवे घाट समोर दिसला तेव्हा पाय गळाले. वर बघितलं तर सगळा घाट पांढरा, टोप्या आणि पताका, वळणावर वळण. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावत होते. मी कठड्यावर बसलो. खिशात पंधरा हजार रुपये होते, तीन वर्षांत साठवलेले, आणि एक कागद, काय बोलायचं ते लिहिलेला. एक म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन माझ्यापाशी थांबली. “चला माउली, बसल्यावर पाय जड होत्यात,” म्हणाली आणि थांबली नाही, निघाली. ती मला माउली म्हणाली. दोन माळा उतरवलेल्या माणसाला. तिला काय ठाऊक, असं क्षणभर वाटलं. आणि मग वाटलं, ठाऊक असतं तरी ती तेच म्हणाली असती. उठून तिच्या मागं चालायला लागलो.

अक्काच्या घरी दरवर्षी एक दिंडी उतरते. ओसरीवर पोती, अंगणात ताडपत्री. ती उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढत होती. मी पंगतीच्या कडेला उभा होतो. तिनं मला पाहिलं. पळी हातात तशीच राहिली. मग म्हणाली, “बस. आधी माणसं जेवू देत.” मी बसलो. तिनं मलाही वाढलं, सगळ्यांइतकंच.

भांडी झाल्यावर मागच्या दारी मी कागद काढला. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं दिसेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, “अक्का, ऑपरेशन नव्हतं.”

“माहितीये,” ती म्हणाली. “त्याच आठवड्यात कळलं होतं.”

मी पैसे पुढं केले. तिनं हात लावला नाही. आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं. माफी मिळेल असं धरून मी आलो नव्हतो, गुरुजींनी तसं बजावूनच पाठवलं होतं. तरी ते दार लागलं तेव्हा छातीत जुनी धडधड उठली. इथून बसस्टँड दहा मिनिटांवर, आणि स्टँडजवळ काय काय असतं ते मला माहीत होतं.

मी गेलो नाही. ओसरीवर वारकऱ्यांच्या ओळीत आडवा झालो. रात्री तीनला जाग आली, वर्षानुवर्षं येते तशीच. शेजारी एक म्हातारे बाबा पोटऱ्या चोळत जागे होते. मी उठून त्यांचे पाय दाबायला बसलो. अंधार होता, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी म्हणालो, “बाबा, मी दोनदा माळ घालून मोडलीये.”

त्यांनी “हं” म्हटलं आणि दुसरा पाय पुढं केला.

तो पाय दाबता दाबता केव्हातरी उजाडलं. तळावरून टाळांचा आवाज येत होता. मी ऐकत बसलो.

सकाळी अक्का बारशीच्या स्वयंपाकाला लागली होती. चुलीसमोरून न वळता म्हणाली, “पैसे ने परत. सोनं नेलंस, सोनंच आण. होईल तसं आण, पण तू स्वतः घेऊन ये. पाठवायचं नाही कुणाच्या हाती.”

“बरं.”

“आणि माळ?”

“नाही घातली अजून.”

तिनं भाकरी उलटली. “असू दे,” म्हणाली. “भाऊबीजेला ये.”

दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं. साडेनऊची बस मिळाली, खिडकीची जागा. दिवे घाट उतरताना रस्त्यावर फक्त केळीची सालं आणि तुळशीची पानं होती. त्या दिवाळीला पहिलं दोन ग्रॅमचं वळं घेऊन गेलो. पस्तीसपैकी आजवर एकोणीस ग्रॅम झालंय. तिच्या कपाटात ते एका औषधाच्या डबीत असतं. वर चिकटवलेल्या कागदावर ती तारीख आणि वजन लिहिते.